औषध स्वस्त व्हावे म्हणून झटलेले डॉ. साहिबसिंग सोखी



घरात कोणी आजारी पडले, ताप उतरेना, जखम चिघळली, की आपण दवाखाना गाठतो. डॉक्टर तपासतात आणि कागदावर इंजेक्शन लिहून देतात. मेडिकलच्या दुकानात गेल्यावर आपले वडील किंवा काका पहिला प्रश्न विचारतात तो किमतीचा. दुकानदार कुपी फिरवून त्यावरचा छापील आकडा दाखवतो. कधी तो आकडा वीस-पंचवीस रुपयांच्या घरात असतो, तर कधी शेकड्यांत. कुपीत पाहावे तर दोन्हीकडे चिमूटभर पांढरी पूड! मग एक स्वस्त आणि एक महाग का? हा आकडा कोण ठरवतो, आणि कशावरून?

या प्रश्नाचा ज्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला, अशा एका थोर डॉक्टरांची ओळख या अंकात करून घेऊ. त्यांचे नाव मेजर जनरल सर साहिबसिंग सोखी. ते मूळचे पंजाबचे, पण त्यांचे मोठे काम झाले ते मुंबईत. त्यांच्या धडपडीचे फळ पुण्याजवळ पिंपरी येथे कारखान्याच्या रूपाने उभे राहिले. आज आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव फारसे आढळत नाही, म्हणूनही त्यांची ओळख करून घेतली पाहिजे.

सोखींचा जन्म १८८७ सालचा. त्यांनी एडिंबरा येथे वैद्यकीय शिक्षण घेतले आणि ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. या सेवेतील डॉक्टर लष्करी हुद्द्याचे असत. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्यात काम केले. पुढे मात्र त्यांचे मन रमले ते प्रयोगशाळेत.

मुंबईच्या परळ भागात हाफकिन इन्स्टिट्यूट ही नामांकित संस्था आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्या कामातून निघालेली प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात आली आणि १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १९३२ साली सोखी या संस्थेचे संचालक झाले. या पदावर कायमचे नेमले गेलेले ते पहिले भारतीय.

प्लेगची लस कशी सुधारता येईल, याचा त्यांनी ध्यास घेतला. लसीसाठी जंतू वाढवावे लागतात आणि जंतूंना खाद्य लागते. सोखींनी दुधातील केसीन या प्रथिनापासून हे खाद्य तयार करण्याची पद्धत बसवली. लसीची ताकद उंदरांवर मोजून पाहण्याची रीतही घालून दिली. लस नुसती तयार होऊन भागत नाही, प्रत्येक घाण्याची लस सारख्याच गुणाची निघाली पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता.

लस रोग होऊ नये म्हणून असते. झालेला प्लेग बरा करणारे औषध तेव्हा नव्हते. सल्फा औषधे नव्याने निघाली होती. सोखी आणि त्यांचे सहकारी डॉ. दीक्षित यांनी सल्फाथायाझोल हे औषध प्लेगवर गुणकारी ठरते, असे प्रयोगाने दाखवले आणि १९४० साली ते काम इंग्लंडच्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. हे दीक्षित म्हणजे पुढे १९५६ साली दिल्लीच्या एम्स या संस्थेचे पहिले संचालक झालेले डॉ. बी. बी. दीक्षित. हाफकिनमध्येच के. गणपती नावाचे रसायनशास्त्रज्ञ सल्फा औषधांच्या घडणीवर काम करीत होते.

या कामातून सोखींना एक गोष्ट नीट उमगली. जो माणूस औषध स्वतः तयार करून पाहतो, त्यालाच ते करायला खरा खर्च किती येतो हे कळते. ज्याने करून पाहिलेले नाही, त्याला विकणारा सांगेल तो भाव मुकाट्याने मान्य करावा लागतो. शेतात कापूस पिकवणाऱ्याला बियाणे, खत, फवारणी, वेचणी यांचा हिशेब तोंडपाठ असतो. औषधाच्या बाबतीत आपला देश तेव्हा नुसता गिऱ्हाईक होता. बहुतेक आधुनिक औषधे परदेशातून येत किंवा परदेशी कंपन्यांच्या हातात असत.

१९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन झाली. जवाहरलाल नेहरू तिचे अध्यक्ष होते. समितीने आरोग्यासाठी जी उपसमिती नेमली तिचे अध्यक्षपद सोखींकडे आले. ते सरकारी नोकरीत होते आणि राज्य इंग्रजांचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते. खेड्यापाड्यांत दर हजार माणसांमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा, देशाला लागणारी औषधे देशातच तयार व्हावीत आणि औषधांवर कोणा एका व्यक्तीची किंवा कंपनीची मक्तेदारी असू नये, असे विचार या समितीने मांडले. आज आपल्या गावातील आशाताईंकडे पाहिले की या विचारांची आठवण होते.

आता पेनिसिलिनकडे वळू. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये बुरशीतून हे जंतुनाशक सापडले, हे तुम्ही शिकला आहात. पण त्याचे औषध व्हायला आणखी बारा-तेरा वर्षे लागली. ते काम ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी केले. १९४१ साली त्यांनी एका पोलिसाला पेनिसिलिन टोचले. त्याची प्रकृती सुधारू लागली, पण औषध संपले. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन पुन्हा वेगळे करून त्यालाच देण्यात आले. तरी ते पुरले नाही आणि तो रुग्ण दगावला. औषध माहीत होते, गुण येत होता, पण पुरेसे करता येत नव्हते.

मग अमेरिकेत पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत मोठे काम झाले. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारे पाणी बुरशीला खाद्य म्हणून वापरले, तेव्हा उत्पादन अनेक पटींनी वाढले. १९४३ साली बाजारातल्या एका नासक्या खरबुजावर अधिक पेनिसिलिन देणारी बुरशी सापडली. तिचेच सुधारलेले वाण पुढे जगभर वापरले गेले. बुरशी उथळ भांड्यांत वाढवण्याऐवजी हजारो लिटरच्या टाक्यांत वाढवू लागले. याचा परिणाम भावावर लगेच दिसला. १९४३ साली एक लाख युनिटच्या एका डोसला सुमारे २० डॉलर पडत. १९४६ साली तोच डोस साधारण अर्ध्या डॉलरवर आला. औषध तेच, रोगी तसेच. बदलले ते वाण, खाद्य आणि टाकीचा आकार.

ही किमया भारतात का होऊ नये, हा सोखींचा सवाल होता. परदेशी कंपन्या भारतात कारखाना काढायला तयार होत्या, पण त्यांच्या अटी असत. कृती गुप्त ठेवायची, ठरावीक रक्कम द्यायची, पुढची सुधारणा हवी असेल तर पुन्हा त्यांच्याकडेच जायचे. असे झाले तर कारखाना आपल्या जमिनीवर उभा राहतो, पण त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहते, हे सोखी ओळखून होते.

स्वातंत्र्यानंतर सोखी जागतिक आरोग्य संघटनेत सहायक महासंचालक या मोठ्या पदावर गेले. पेनिसिलिनचे ज्ञान गरीब देशांना खुलेपणाने मिळावे, असा प्रयत्न त्यांनी तिथे केला. अखेर भारत सरकारने कंपन्यांच्या अटी बाजूला ठेवून संयुक्त राष्ट्रांची मदत घेण्याचे ठरवले. युनिसेफने यंत्रसामग्री दिली आणि जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ व प्रशिक्षण दिले. इथे मिळालेले ज्ञान दडवून ठेवायचे नाही, इतर देशांच्या माणसांनाही ते शिकू द्यायचे आणि औषध लोकांना परवडेल असे करायचे, ही त्या मदतीमागची भूमिका होती. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली तिथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. हाफकिनमधले के. गणपतीही पिंपरीच्या कामात आले. त्या वेळी आपला आदिलाबाद जिल्हा आणि मराठवाडा हे दोन्ही हैदराबाद राज्यात होते. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्ये बदलली. पैनगंगेच्या पलीकडचे आणि अलीकडचे असा भेद झाला, पण पिंपरीची कुपी दोन्ही काठांवर पोचत राहिली.

आता या कारखान्यात काय चालते ते पाहू, म्हणजे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर हळूहळू मिळेल. आधी मोठ्या टाकीत साखर आणि खाद्य घालून ते वाफेने निर्जंतुक करतात. त्यात निवडक बुरशी सोडतात. बुरशीला हवा लागते, म्हणून गाळलेली निर्जंतुक हवा रात्रंदिवस सोडावी लागते आणि रवी फिरती ठेवावी लागते. हे पाच-सहा दिवस चालते. मध्येच वीज गेली किंवा एखादा परका जंतू आत शिरला, तर सगळा घाणा वाया जातो. नंतर द्रव गाळतात, थंड करतात, रसायनांच्या मदतीने त्यातून पेनिसिलिन काढून घेतात आणि त्याचे स्फटिक करतात. इथपर्यंत झाला तो कच्चा माल.

इंजेक्शन म्हटले की पुढचे काम अधिक काटेकोर होते. गोळी पोटात जाते, पण इंजेक्शन थेट रक्तामांसात जाते. त्यामुळे कुपी, रबरी बूच, पूड, हवा, काम करणाऱ्याचे हात, सगळे निर्जंतुक लागते. प्रत्येक घाण्याची तपासणी होते. ताप आणणारे अंश त्यात नाहीत ना, हे पाहावे लागते. दहा लाख युनिट पेनिसिलिन म्हणजे सुमारे ०.६ ग्रॅम पूड. त्या चिमूटभर पुडीपेक्षा काचेची कुपी, बूच, स्वच्छ खोली आणि तपासणी यांचाच खर्च पुष्कळदा डोळ्यांत भरतो. त्यावर वाहतूक, घाऊक व्यापाऱ्याचे आणि दुकानदाराचे कमिशन, आणि कर. ही झाली किमतीची एक बाजू.

दुसरी बाजू कायद्याची. त्या औषधावर कोणाचे पेटंट आहे का? असेल, तर ते करण्याचा हक्क एकालाच राहतो आणि भाव तो म्हणेल तसा. आपल्याकडे १९११ सालचा इंग्रजी पेटंट कायदा स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे चालू होता. अमेरिकेच्या संसदेत सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने १९५९ पासून औषधांच्या किमतींची चौकशी केली. तिला असे आढळले की औषधांच्या चढ्या भावात गरीब भारताचा क्रमांक जगात फार वर आहे. सोखींना याचे आश्चर्य वाटले नसावे. कारखाना निघाला तरी कायदा बदलल्यावाचून औषध स्वस्त होणार नाही, हे ते आधीपासून मांडत आले होते.

१९५२ ते १९५६ या काळात ते राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते. जागतिक शांततेच्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला आणि सोव्हिएत संघाने त्यांना १९५३ सालचे शांतता पारितोषिक दिले. कच्च्या मालापासून सगळी औषधे देशात व्हावीत, यासाठी सोव्हिएत मदत घ्यावी असा त्यांचा आग्रह होता. त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली, पण ते मागे हटले नाहीत. १९६१ साली आयडीपीएल ही सरकारी कंपनी निघाली आणि सोव्हिएत मदतीने तिचे प्रतिजैविकांचे काम हृषीकेशला, तर रासायनिक औषधांचे काम आपल्या हैदराबादला सुरू झाले. हैदराबादच्या या कारखान्यात काम शिकलेल्या अनेकांनी पुढे स्वतःच्या कंपन्या काढल्या. डॉ. रेड्डीज कंपनीचे संस्थापक अंजी रेड्डी हे त्यांपैकीच एक. आज हैदराबाद औषधांची राजधानी म्हणवते, त्याचे मूळ या कारखान्यात सापडते.

सोखींच्या घरातही एक थोर व्यक्ती होती. त्यांच्या पत्नी लीला या मेनका या नावाने कथ्थक नृत्यासाठी प्रसिद्ध होत्या. त्यांनी खंडाळ्याला नृत्यशाळा चालवली. १९४७ साली त्यांचे निधन झाले.

१९७१ साली सोखी निवर्तले. त्याच्या आदल्या वर्षी संसदेने नवा पेटंट कायदा मंजूर केला होता. तो १९७२ साली अमलात आला. या कायद्याने औषध या वस्तूवर पेटंट देणे बंद झाले. ते करण्याच्या पद्धतीवर तेवढे पेटंट राहिले आणि तेही थोड्या वर्षांचे. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध करण्याची मुभा मिळाली. एका औषधाचे अनेक उत्पादक झाले आणि भाव उतरले. ज्यासाठी सोखी आयुष्यभर झटले त्याचा परिणाम पाहायला ते राहिले नाहीत. २००५ साली हा कायदा पुन्हा बदलला आणि औषधांवरची पेटंट परत आली. पण पेनिसिलिनसारखी जुनी औषधे त्यातून मोकळीच आहेत.

तिसरी बाजू सरकारी नियंत्रणाची. १९६० च्या दशकापासून सरकार औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवते. २०१३ च्या आदेशानुसार आवश्यक औषधांच्या यादीतील प्रत्येक औषधाची कमाल किंमत ठरते. पद्धत सोपी आहे, वहीत करून पाहा. समजा, बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या चार कंपन्या एकच इंजेक्शन दुकानदाराला १०, १२, १४ आणि २० रुपयांना देतात. सरासरी झाली १४ रुपये. त्यावर दुकानदाराचे १६ टक्के धरले की होतात १६ रुपये २४ पैसे. याहून जास्त किंमत कोणालाही लावता येत नाही. वर जीएसटी तेवढा लागतो. दरवर्षी घाऊक किमतींच्या निर्देशांकाप्रमाणे हा आकडा बदलतो.

इथे एक गंमत ध्यानात घ्या. ही किंमत बाजारभावाच्या सरासरीवरून निघते, तयार करण्याच्या खर्चावरून नाही. सोखींचा भर मात्र खर्च जाणून घेण्यावर होता. म्हणून किमतीचा दुसरा धोकाही पाहू. भाव फार चढला की गरीब रुग्ण औषधाला मुकतो, हे सगळ्यांना कळते. पण भाव खर्चाच्याही खाली गेला तर कारखाने ते औषध करणे सोडतात आणि मग पैसे असूनही औषध मिळत नाही. पेनिसिलिनचे नेमके हेच झाले. चीनमधून फार स्वस्त कच्चा माल येऊ लागला आणि आपल्याकडचे कारखाने एकेक करून थांबले. पिंपरीची कंपनी १९९७ साली आजारी उद्योग म्हणून जाहीर झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने काही जुन्या औषधांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवली. त्यांत दहा लाख युनिटचे बेंझिल पेनिसिलिन आणि क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शने होती. खर्च परवडत नसल्याने उत्पादन बंद पडू नये, हा त्यामागचा हेतू. त्याच वर्षी काकीनाडा परिसरात सरकारी प्रोत्साहन योजनेखाली पेनिसिलिन-जीचा मोठा कारखाना सुरू झाला. सत्तर वर्षांपूर्वी पिंपरीला मिळवलेली विद्या आपण हातची घालवली होती, ती पुन्हा कमवावी लागत आहे.

हे सगळे आपल्याशी कसे जोडलेले आहे? घसा दुखण्याकडे दुर्लक्ष झाले तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. अशा मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ते चुकवून चालत नाही. अशा मुलाच्या घरी कुपीवरचा आकडा हा फक्त आकडा नसतो. आकडा फार मोठा झाला तरी पंचाईत आणि फार लहान होऊन कुपीच दिसेनाशी झाली तरी पंचाईत. आदिलाबादच्या रिम्ससारख्या सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते, पण तिथेही ते कोणीतरी तयार केलेलेच असावे लागते.

मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी घरात औषध आले की कुपी हातात घेऊन त्यावरचे बारीक अक्षर वाचा. औषधाचे मूळ नाव, कमाल किंमत, ते कुठे तयार झाले, सगळे तिथे लिहिलेले असते. डॉक्टरांना आणि दुकानदारांना आदराने विचारा की याच औषधाचे स्वस्त पण तितकेच चांगले इंजेक्शन मिळेल का. आणि आपल्या मनाने प्रतिजैविक घेऊ नका, कारण जंतू औषधाला सरावले की मग ते कितीही स्वस्त असले तरी उपयोगाचे राहत नाही. डॉ. सोखी यांनी दाखवलेली वाट हिशेबाची होती. वस्तू कशी होते ते शिका, तिला खर्च किती येतो ते जाणून घ्या आणि मग किमतीविषयी बोला. तुमच्यापैकी कोणी उद्या औषधशास्त्राच्या वर्गात बसले, तर त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे, एवढीच इच्छा.